घरच्या सर्व्हरसाठी भरवशाचा आणि परवडणारा मदरबोर्ड कुठला घ्यावा?

कृष्णाकाठ (सांगली):

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय, कारण अर्धवट माहिती दिली की पुढं तेच तेच प्रश्न येत राहतात. घरात एक सर्व्हर आहे, जुन्या ऑफिसच्या कॉम्प्युटरपासून बनवलेला, एच81 चिपसेटचा (म्हणजे बोर्डावरच्या मुख्य चिपचा) बोर्ड, आय3-4130, 8 जीबी डीडीआर3, 4 टीबीच्या तीन हार्डडिस्क आणि बूटसाठी 256 जीबी एसएसडी. त्यावर डेबियन लिनक्स, आणि डॉकरमध्ये (म्हणजे वेगवेगळ्या कप्प्यांत) फोटोंसाठी इमिच, व्हिडिओसाठी जेलीफिन, जाहिराती अडवायला पायहोल एवढंच. पण महत्त्वाचं म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा फोटो स्टुडिओ आहे, लग्नसराईत तो रोज रात्री शूटिंगचा सगळा डेटा या सर्व्हरवर टाकतो. लोकांच्या लग्नाचे फोटो आहेत हो, ते परत काढता येत नाहीत, म्हणून हा विषय माझ्यासाठी गंभीर आहे.

तर गेले दोन महिने हा सर्व्हर दर तीन-चार दिवसांनी गोठतोय. स्क्रीन काळी, नेटवर्कवरनं पिंग केलं तर उत्तर नाही, पंखा मात्र फिरतोय, बटण दाबून बंद करून चालू करायचा. मागच्या आठवड्यात रात्री दोन वाजता कॉपी चालू असताना गोठला आणि भाऊ पहाटेपर्यंत जागा. आता बास, नवीन बोर्ड घ्यायचा ठरवलंय.

बोर्ड आणि प्रोसेसर मिळून 16-17 हजारांच्या पुढं जायचं नाही. भावाच्या एडिटिंगच्या मशीनमधून निघालेल्या डीडीआर4 च्या 8-8 जीबीच्या दोन स्टिक आहेत, त्या वापरता आल्या तर बरं. स्पीडचं मला काही पडलेलं नाही, फक्त वर्षभर हात न लावता चालला पाहिजे. आमच्याकडं लाईट जाते-येते हे वेगळं सांगायला नको. इंटेलच्या छोट्या एन100 प्रोसेसरचा बोर्ड, एच610 चिपसेटचा बोर्ड अधिक आय3, नाहीतर एएमडीचा रायझन, असे तीन पर्याय डोक्यात आहेत. एका दुकानदारानं एक्स99 चा बोर्ड आणि 14 कोरचा झिऑन (इंटेलचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर), वर 32 जीबी रॅम असा सेट एच610 पेक्षाही कमी पैशात सांगितलाय आणि खरं सांगतो, मन तिकडं ओढ घेतंय. काय करू?

जुनी_कॅबिनेट (पुणे):

आधी झिऑनचं बोलतो म्हणजे तो विषय संपेल. नका घेऊ. ते 14 कोर म्हणजे बहुतेक ई5-2680 व्ही4 असणार, प्रोसेसर 2016 चा, 120 वॅटचा, आणि प्रोसेसर म्हणून तो वाईट नाहीच, मोठमोठ्या डेटा सेंटरमध्ये वर्षानुवर्षं राबलेला असतो. पण बोर्ड बघा ना. या स्वस्त एक्स99 बोर्डांवर अनेकदा खरा एक्स99 चिपसेट नसतोच, जुन्या डेस्कटॉप बोर्डांवरनं काढलेला बी85, क्यू87 असला काहीतरी बसवलेला असतो. बायोसचं (बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरचं) अपडेट कुठं मिळेल याचा पत्ता नाही, मॅन्युअल नाही, लाईट आल्यावर आपोआप चालू होणं, झोपेतून उठणं असल्या साध्या गोष्टी एका बोर्डावर चालतात दुसऱ्यावर नाही. रॅम स्वस्त वाटते कारण ती सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम असते, दुसऱ्या कुठल्या घरगुती बोर्डात ती पुढं चालणार नाही. आणि नुसतं बसून राहिलं तरी ते मशीन साठ-सत्तर वॅट सहज खातं.

विजेचा हिशेब एकदा मांडा. 1 वॅट चोवीस तास वर्षभर म्हणजे पावणेनऊ युनिट. नवा छोटा बोर्ड आणि हा झिऑन यांच्यात 40 वॅटचा फरक धरला तर वर्षाला 350 युनिट, महिन्याला 29 च्या आसपास. युनिटला 10 रुपये धरा, वर्षाला साडेतीन हजार झाले. आणि तुमचं बिल स्लॅबच्या काठावर असेल, म्हणजे 100 किंवा 300 युनिटच्या, तर हे वाढीव 29 युनिट नेमके महागातल्या स्लॅबमध्ये जाऊन पडणार. स्वस्तात मिळालेला सेट दोन वर्षांत महाग पडतो.

पण त्याआधी माझा एक प्रश्न आहे. बोर्डच खराब आहे हे तुम्ही कशावरून ठरवलं? गोठणं हे रॅममुळं होतं, एसएमपीएसमुळं (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यामुळं) होतं, एखाद्या मरत चाललेल्या एसएसडीमुळं पण होतं. नवीन बोर्डाला तोच जुना एसएमपीएस लावला आणि दुखणं त्यातच असलं तर 17 हजार पाण्यात. रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावा, किमान दोन-तीन फेऱ्या होऊ द्या. दुसऱ्या कुणाचा तरी चांगला एसएमपीएस चार दिवस लावून बघा. गोठून परत चालू झाल्यावर journalctl -b -1 नं आधीच्या बूटची शेवटची पानं वाचा, तिथं मशीन चेकची (हार्डवेअरच्या बिघाडाची) एरर दिसते का बघा (कमांड आहे म्हणून ती तशीच लिहिली, माफ करा). डिस्कच्या स्मार्टमध्ये (तिच्या तब्येतीच्या नोंदीत) 199 नंबरची ओळ बघा, सीआरसी एररचा (डेटा पोचताना झालेल्या चुकांचा) आकडा वाढत असेल तर बहुतेक वेळा साटाची (डिस्क बोर्डाला जोडायची) केबल बदलून काम होतं, दीडशे रुपयांत. आणि बोर्ड बाहेर काढून उजेडात धरा, प्रोसेसरच्या आजूबाजूचे कपॅसिटर वरून फुगलेत का बघा. वरचं टोपण सपाट पाहिजे, जरा जरी पोट आलेलं दिसलं तरी तो गेला समजा.

समुद्रकाठ (रत्नागिरी):

वरच्या दादांनी अगदी योग्य सांगितलंय, त्यात माझी एक भर. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला की हाताला झिणझिण्या येतात का हो तुमच्या? आमच्याकडे यायच्या आणि मी पाच वर्षं तिकडे दुर्लक्ष केलं. त्याचा अर्थ प्लगमधली तिसरी पिन नावालाच आहे, अर्थिंग पोचतच नाही. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात ते पत्र्याला जोडलेले असतात, अर्थ नसला की थोडी वीज पत्र्यावर येऊन बसते. माणसाला नुसत्या मुंग्या येतात पण बोर्डाला, लॅन पोर्टला, यूएसबीला ते चांगलं नाही. माझे दोन बोर्ड गेले, दोन्ही वेळा मी बोर्डालाच दोष दिला. शेवटी वायरमनने खड्डा काढून नवीन अर्थिंग केलं, तेव्हापासून चार वर्षं एकच बोर्ड चालू आहे आणि तो काही भारी नाही, साधा एच310 आहे.

दुसरं, वळवाच्या पावसात इंटरनेटची केबल. फायबर थेट घरात येत असेल तर ठीक, पण केबलवाल्याने शेजारच्या इमारतीवरून तांब्याची लॅन वायर गच्चीवरून आणली असेल तर वीज कडाडली की पहिला बळी राउटर आणि दुसरा तुमच्या बोर्डावरचा लॅन पोर्ट. राउटर आणि सर्व्हर यांच्यामध्ये एक स्वस्तातला स्विच ठेवा, जाईल तो स्विच जाईल. आम्ही मे महिन्यात आभाळ भरून आलं की ती केबल सरळ काढूनच ठेवतो.

आणि सर्व्हर जमिनीवर ठेवू नका. पाली आत शिरतात. गंमत नाही, उबेला येतात आणि एसएमपीएसमध्ये किंवा बोर्डाच्या मागे शॉर्ट होतो. मागच्या पट्ट्या, न वापरलेले स्लॉट सगळं जाळीने बंद करा.

नेटवर्कवाला (बंगळूर):

मी मूळ प्रश्नावर येतो, कारण तपासणी करून बोर्डच गेलाय असं निघालं तर काय घ्यायचं हे कुणी सांगितलंच नाहीये.

एन100 मला स्वतःला फार आवडतो, घरी पायहोल आणि होम असिस्टंटसाठी (घरातली उपकरणं सांभाळणारं सॉफ्टवेअर) तोच आहे. 2023 चा चिप, चार छोटे कोर, 6 वॅटचा, पंख्याशिवाय चालतो. असरॉकचा एन100डीसी-आयटीएक्स म्हणून बोर्ड आहे तो तर लॅपटॉपसारख्या 19 व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतो, एसएमपीएसची कटकटच नाही. पण तुमच्यासाठी तो बरोबर नाही आणि कारणं सांगतो. एक तर एन100 ला मेमरीचा एकच चॅनल (प्रोसेसर ते रॅमचा रस्ता) आहे, या बोर्डांवर स्लॉट पण एकच असतो, म्हणजे तुमच्या दोनपैकी एक स्टिक घरात पडून राहणार. असुसचा प्राइम एन100 घेतला तर त्याला लॅपटॉपवाली छोटी रॅम लागते, म्हणजे दोन्ही स्टिक बाद. दुसरं म्हणजे साटा पोर्ट, कुठं एक, कुठं दोन. तुमच्या तीन डिस्क अधिक एसएसडी. मग जादा साटा पोर्टचं कार्ड घ्या, कार्डाला जागा बघा, त्या कार्डाची चिप कुठली बघा, एएसएम1166 असली तर बरी, पोर्ट मल्टिप्लायरवालं (एकच पोर्ट अनेक डिस्कांत वाटणारं) असलं तर मी हात लावणार नाही. जितके जास्त जोड तितकी बिघडायची ठिकाणं जास्त.

म्हणून तुमच्यासाठी एच610 आणि आय3-12100. या चिपसेटलाच चार साटा पोर्ट आहेत, कार्ड नको. रॅमचे स्लॉट दोन, तुमच्या स्टिक पण दोन, ड्युअल चॅनल. फक्त बोर्ड घेताना डीडीआर4 वाला आहे हे नावात बघून घ्या, कारण एच610 दोन्ही प्रकारात येतो, एकसारखा खोका असतो, नावातला एक डी4 सोडला तर फरक कळत नाही आणि दुकानात घाईत चुकीचा हातात येतो. प्रोसेसर शेवटी एफ नसलेला घ्या. 12100एफ स्वस्त दिसेल पण त्यात ग्राफिक्स नाही, म्हणजे जेलीफिनचं व्हिडिओचं काम सगळं कोरवर पडणार आणि कधी काही अडलं तर मॉनिटर पण लावता येणार नाही. साध्या 12100 मध्ये यूएचडी 730 आहे, भावाचे 10 बिटचे एचईव्हीसी व्हिडिओ तो आरामात उलगडतो.

लोक विचारतील इंटेलच्या प्रोसेसरमध्ये प्रॉब्लेम निघाला होता ना. होता, 2024 मध्ये, पण तो 13 व्या आणि 14 व्या पिढीतल्या वरच्या चिपांचा, व्होल्टेज वाढून चिप हळूहळू खराब व्हायचे, त्यावर मायक्रोकोडचे (चिपच्या आतल्या सॉफ्टवेअरचे) अपडेट आले. 12 व्या पिढीला तो लागू नाही.

बोर्डावरचं लॅन बघा. एच610 वर बहुतेक रियलटेकचं 1 गिगाबिट असतं. लिनक्सवर ते निवांत चालतं, सेकंदाला 110 एमबी मिळतात, तुमच्या भावाला तेवढं पुरे. 2.5 गिगाबिटच्या मोहात पडू नका, इंटेलच्या आय225 च्या सुरुवातीच्या चिपांनी लोकांना किती छळलंय, कनेक्शन मधेच तुटायचं. फक्त फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर जायचा विचार असेल, म्हणजे जुनं ट्रूनॅस कोर वगैरे, तर रियलटेक टाळा. तुम्ही डेबियनवर आहात, प्रश्न नाही.

एम.2 चा (एसएसडीसाठीचा छोटा) स्लॉट आणि साटा पोर्ट यांचा संबंध मॅन्युअलमध्ये वाचा. काही बोर्डांवर एम.2 मध्ये साटावाली एसएसडी बसवली की एक साटा पोर्ट बंद होतो, आणि माणूस डिस्क मेली म्हणून रडत बसतो. मॅन्युअल कंपनीच्या साइटवर असतं, विकत घ्यायच्या आधीच वाचा, मी तर बायोसच्या अपडेटची यादी पण बघतो, शेवटचं अपडेट कधीचं आहे त्यावरून कंपनी त्या बोर्डाकडं अजून बघते की नाही ते कळतं.

आरईसीसी_पाहिजेच (ठाणे):

सगळं पटलं पण लग्नाचे फोटो परत काढता येत नाहीत असं तुम्हीच लिहिलंय ना, मग ईसीसी रॅमचा (स्वतःची चूक ओळखून दुरुस्त करणाऱ्या रॅमचा) विचार करा असं मी म्हणेन. मेमरीत एखादा बिट उलटला तर साध्या रॅममध्ये कळतच नाही, फाइल तशीच डिस्कवर लिहिली जाते. इंटेलमध्ये 12 व्या पिढीला ईसीसी पाहिजे तर डब्ल्यू680 चिपसेट लागतो, तो बोर्ड तुमच्या बजेटच्या कितीतरी बाहेर. पण एएमडीच्या एएम4 सॉकेटच्या बोर्डांमध्ये होतं. बी550 चा असा बोर्ड ज्याच्या स्पेसिफिकेशनमध्ये ईसीसी लिहिलंय, आणि रायझन प्रो 4650जी. प्रो महत्त्वाचं, जी वाल्या (आत ग्राफिक्स असलेल्या) साध्या चिपांना ईसीसी नाही, फक्त प्रो ला आहे. माझ्याकडे तीन वर्षं चालू आहे.

एएम4 वर लिनक्सचा एक जुना आजार सांगून ठेवतो, रायझनच्या पहिल्या पिढीत मशीन काम करताना नव्हे, रिकामं बसलेलं असताना गोठायचं. बायोसमध्ये पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल असा पर्याय असतो, तो टिपिकल करंट आयडल वर ठेवला की बऱ्याच लोकांचं थांबलं. जुना 1600 वगैरे कुणी स्वस्तात देत असेल तर हे आठवा.

नेटवर्कवाला (बंगळूर):

ठाणेकर, तत्त्व म्हणून मान्य. पण ईसीसीची बफर नसलेली (म्हणजे घरगुती बोर्डात चालणारी) डीडीआर4 आपल्याकडं शोधायला गेलं तर मिळायची मारामार आणि मिळाली तर साध्या रॅमपेक्षा बरीच महाग, शिवाय यांच्या हातातल्या दोन स्टिक फुकट जातात. तेच पैसे चौथ्या डिस्कमध्ये घालून ती स्टुडिओत वेगळी ठेवली आणि दर आठवड्याला कॉपी केली तर फोटो वाचायची शक्यता जास्त. ईसीसी असून बॅकअप नाही, यापेक्षा ईसीसी नसून दोन ठिकाणी कॉपी आहे हे मला कधीही चालेल. आणि कॉपी झाल्यावर चेकसम (फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवून बघा, तेव्हाच भावाला कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करू द्या. ही सवय लावलीत तर उलटलेला बिट तिथंच पकडला जातो.

आरईसीसी_पाहिजेच (ठाणे):

चेकसमचा मुद्दा पटला. बजेट एवढंच असेल तर मीही आधी डिस्क घेईन.

वॅट_मोजणारी (श्टुटगार्ट):

इथे जर्मनीत वीज महाग, त्यामुळे आम्ही सगळे प्लगला मीटर लावून बसलेले असतो. 12100 सारखं मशीन डिस्क सोडून रिकामं असताना वीस वॅटच्या आसपास आणता येतं, पण बोर्ड आल्यावर बायोसमध्ये सी-स्टेट आणि एएसपीएम (रिकामं असताना वीज वाचवणारे पर्याय) चालू करावं लागतं, बऱ्याचदा ते बंदच येतं. फिरती 3.5 इंची डिस्क प्रत्येकी 4-5 वॅट धरा. एसएमपीएस 750 वॅटचा घेऊ नका, 400-450 चा चांगला पुरतो.

सासर मिरजेचं आहे म्हणून लाईटचं माहीत आहे, त्यासाठी बायोसमधली सगळ्यात महत्त्वाची सेटिंग म्हणजे एसी पॉवर गेल्यानंतर काय करायचं ती. ती पॉवर ऑन वर ठेवा. पण नुसतं तेवढं पुरत नाही. समजा यूपीएसची बॅटरी संपत आली म्हणून सर्व्हरने स्वतःला नीट बंद केलं आणि दोन मिनिटांत लाईट आली, तर यूपीएसचा पुरवठा तुटलेलाच नाही, म्हणजे बोर्डाला लाईट गेली होती हे कळलंच नाही, तो बंदच राहणार. आमच्या घरी मिरजेत असंच झालं आणि सासरे दोन दिवस फोनवर फोटो दिसत नाहीत म्हणत होते. यावर नट नावाचं सॉफ्टवेअर आहे, ते सर्व्हर बंद करताना यूपीएसलाही पुरवठा तोडायला सांगतं, यूपीएस यूएसबीने बोलणारा पाहिजे. आणि जोडीला बायोसमध्ये रोज सकाळी सहाचा आरटीसी (बोर्डावरच्या घड्याळाचा) अलार्म लावून ठेवा, काही झालं तरी सहाला मशीन उठतं.

घरचा इन्व्हर्टर असेल तर त्याच्यामागचं बटण यूपीएस मोडवर पाहिजे. साध्या मोडमध्ये बदलायला वेळ लागतो आणि एसएमपीएस लाईटशिवाय 16-17 मिलिसेकंदच तग धरतो.

जुनी_कॅबिनेट (पुणे):

यात आणखी एक, बोर्डावरचा सीआर2032 सेल. तो संपला की लाईट गेल्यावर सगळी बायोस सेटिंग मूळपदावर येते, म्हणजे ताईंनी सांगितलेलं पॉवर ऑन पण पुसलं जातं. मल्टिमीटरवर 2.8 च्या खाली दिसला की बदला, तीस-चाळीस रुपयांचं काम आहे.

कृष्णाकाठ (सांगली):

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही सांगितलं तसं आधी तपासलं. मेमटेस्ट रात्रभर स्वच्छ. मित्राचा एसएमपीएस चार दिवस लावला तरी तिसऱ्या दिवशी गोठला. मग बोर्ड काढून गच्चीवर उन्हात धरला तर प्रोसेसरच्या डाव्या बाजूचे दोन कपॅसिटर फुगलेले, एकाच्या टोपणावर तपकिरी डाग. म्हणजे बोर्डच. आणि हो, समुद्रकाठ, झिणझिण्या येत होत्या, आम्हाला वाटायचं सगळ्याच कॉम्प्युटरला येतात. वायरमनला बोलावलं तर त्या खोलीतली अर्थची वायर भिंतीवरच्या स्विचबोर्डाच्या डबीत तुटून लोंबकळत होती. तेही झालं.

एच610 डी4 आणि 12100 घेतला, एफ नसलेला. दुकानात आधी डीडीआर5 वालाच समोर ठेवला होता, खोका उलटून वाचला म्हणून वाचलो. जुनी एसएसडी तशीच साटावर, तीन डिस्क उरलेल्या तीन पोर्टवर, डेबियन परत टाकायला पण लागलं नाही, फक्त लॅनचं नाव बदललं होतं ते नेटवर्कच्या फाइलमध्ये दुरुस्त केलं. आज 19 दिवस झाले. मधे मुद्दाम यूपीएसचा प्लग काढून बघितलं, बंद झाला, लाईट दिल्यावर उठला, नंतर खरी लाईट पण दोनदा गेली. चौथी डिस्क भावाच्या स्टुडिओत ठेवलीय, रविवारी कॉपी होते आणि चेकसम जुळल्याचा मेसेज त्याच्या फोनवर जातो, तोपर्यंत तो कार्ड पुसत नाही.

जुन्या मशीनमधला आय3-4130 आणि डीडीआर3 च्या 4 जीबीच्या दोन स्टिक चांगल्या आहेत, मेमटेस्ट झालेल्या. कुणाला लागत असतील तर कुरिअरचा खर्च तेवढा द्या, पाठवून देतो.